कवडीची आरती

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, म्हणून आम्ही दिवाळीनंतर लगेच पऱ्हाटी उपटून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर रचली. रान मोकळं झालं आणि दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. काळ्या जमिनीत वाफसा, पेरणीपुरती ओल, आला की चार दिवस, फार तर पाच, ती पेरू देते. नंतर ओल खाली जाते आणि हरभरा टाकला तरी उगवत नाही. बियाणं घरात होतं, तीन एकर रान तयार होतं. ट्रॅक्टर तेवढा सुरू होत नव्हता.

बैलजोडी विकून आम्ही तो छोटा ट्रॅक्टर जुनाच घेतला होता. उन्हाळ्यात चावी फिरवली की सुरू. थंडी पडली की नुसता घरघरायचा आणि पांढरा धूर सोडायचा. त्यावर गावात एकच उपाय होता, आरती. तारेला बोळा गुंडाळायचा, डिझेलमध्ये बुडवून पेटवायचा आणि इंजिन हवा ओढतं त्या नळीच्या तोंडापुढे धरायचा. जाळ आत ओढला जातो आणि इंजिन पेट घेतं. दुसरीकडे लोक चिंधी वापरत असतील, आम्ही कवडी वापरायचो. कवडी म्हणजे अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, व्यापारी हात लावत नाही तो कापूस. त्या वर्षी घरात चांगल्या कापसापेक्षा कवडीच जास्त होती.

वाफशाच्या पहिल्या सकाळी नवऱ्यानं चार आरत्या केल्या. सासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या.

"बैलाले वर्षातून एकडाव आरती लागे, पोळ्याले," त्या म्हणाल्या. "ह्याले रोज लागते. आन् तरी उठत नाही."

"तू चूप बस ना व माय," नवरा म्हणाला.

मी शेतात जाऊन मूठभर माती दाबून पाहिली. गोळा झाला, म्हणजे ओल अजून होती. दुसऱ्या सकाळी पुन्हा आरत्या, पुन्हा धूर. नवरा म्हणाला, "उद्या ऊन चांगलं पडलं तं होईन सुरू." ते ऊन आमच्या शेतावरही पडणार होतं, हे त्याला सांगत बसले नाही. तालुक्याला जाणारी घाटंजीची बस धरली.

बाजाराचा दिवस होता. आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्रीचाचा आपल्या गॅरेजात एका उघड्या इंजिनात डोकं घालून उभे होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"धुआँ सफेद?"

"पांढराच."

"आरती करते?"

"करतो."

"कवडी की?"

"कवडीचीच," मी म्हटलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "पूरा तालुका आरती कर रहा है. भाभी, हीटर गये तुम्हारे. कवडी की काजली अंदर जमी होगी, वो अलग."

हीटर म्हणजे इंजिनच्या माथ्यात बसवलेल्या बोटभर कांड्या. चावी अर्धी फिरवली की त्यांची टोकं तापून लाल होतात, म्हणून थंड इंजिन पेट घेतं. आमचे बहुतेक मागच्याच हिवाळ्यात मेले होते. आरतीनं काम भागत होतं, म्हणून कळलंच नाही.

चाचांना चार दिवस गावाला यायला फुरसत नव्हती.

"चार दिवसांनं कायले येता चाचा? वाफसा निघून जाईन."

"तो खुद खोलो." त्यांनी तीन नवे हीटर कागदात गुंडाळून दिले, वर आपला लांब तोंडाचा पाना दिला. "आधा बोट खोलो, पाव बोट वापस. ज़ोर किया और अंदर टूटा, तो पूरा हेड उतरेगा. पंद्रह दिन. और गरम इंजिन पे खोलना, ठंडे पे नहीं."

"सुरूच होत नाही, तं गरम कसा करू?"

"वो आप सोचो भाभी. मेरे सर पे छे गाड़ियाँ हैं."

बसमध्ये पुडकं मांडीवर होतं आणि डोक्यात एकच गोष्ट: तुटला तर इंजिनचा माथा उतरवायचा, पंधरा दिवस. घरी पोचले तेव्हा अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. मला तिथंच उत्तर दिसलं.

तिसऱ्या सकाळी आधी शेतात जाऊन आले. गोळा झाला, पण बोटानं टोचताच फुटला; ओल सरत चालली होती. परत येऊन तीन हंडे पाणी तापवलं. चटका बसेल इतकं, उकळतं नाही. उकळत्यानं थंड लोखंड तडकतं. खालची तोटी उघडून रेडिएटरमधलं गार पाणी सोडलं आणि वरून गरम ओतत राहिले.

"देवाले पहिले आंघोळ, मंग आरती," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं उलटं होतं, म्हणून पावला नाही."

इंजिनचं लोखंड हाताला गरम लागलं, तेव्हा बॅटरीची तार सोडवली, तिन्ही हीटर जोडणारी वरची पट्टी काढली. पहिला निघाला. दुसराही निघाला. तिसरा अर्धं बोट फिरला आणि अडकला.

"पान्याले पाइप लाव," नवरा म्हणाला. "एका झटक्यात येते."

"आन् तुटला मंग?"

"नाही तुटत व."

"तुम्ही आरती करा. पान्याले हात लावू नका."

उरलेलं गरम पाणी ओतलं. हीटरच्या बुडाशी डिझेलचे थेंब सोडले आणि ते मुरेपर्यंत थांबले. थांबणं सगळ्यात कठीण गेलं, कारण ऊन वर येत होतं. मग अर्धं बोट पुढे, पाव मागे. कर्र आवाज झाला. हलला की तुटला, ते कळेना. तसंच पुढे-मागे फिरवत राहिले. निघाला. टोक अख्खं होतं, वर काजळीची जाड साल.

हवेची नळीही उघडून पाहिली. आत मुठीएवढा अर्धवट जळलेला कवडीचा गोळा.

"हा माह्या हातचा नाही," नवरा म्हणाला.

नळी आणि भोकं पुसली. नवे हीटर आधी बोटांनी बसवले, मग पान्यानं जरासे आवळले. तोटी बंद करून पाणी भरलं, तार जोडली. त्याला म्हटलं, चावी अर्धी फिरवा आणि पंधरा मोजा. तो बारावरच घाई करायला लागला. मी उरलेले तीन मोठ्यानं मोजले. ट्रॅक्टर सुरू झाला.

दुपारी पेरणी लागली. मी पुढे चालत दर काही पावलांवर माती दाबून पाहत होते. खालच्या दोन एकरांत गोळा होत होता. वरच्या तिसऱ्या एकरात, लवकर सुकणाऱ्या भरड तुकड्यात पाऊल टाकलं, मूठ उघडली आणि माती बोटांतून सांडली. मी हात वर करून नवऱ्याला तिथूनच वळायला सांगितलं.