बिनतिखटाचा हॉटडॉग

अख्ख्या संभाजीनगरात तिखट नसलेलं खायला शोधून दाखवा. मी शोधलंय, म्हणून सांगतो. मिसळ मागा, वर बोटभर तर्री. भाजी मागा, काळा मसाला. मटणाचा खलिया खा, कानातून धूर. पोहे तरी साधे असतील म्हणावं, तर त्याच्यावर बी तळलेली मिरची आडवी पडलेली, पाहुण्यासारखी. शेवटी जे सापडलं ते सिडकोत, दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. हॉटडॉगचं दुकान. पिवळ्या खुर्च्या, भिंतीवर गॉगल घातलेलं सॉसेज रंगवलेलं, काउंटरमागं उलटी टोपी घातलेला मालक. हॉटडॉग या नावावरचे विनोद आमच्या सिल्लोडात सगळे करून झालेत, त्यामुळं ते सोडून देऊ.

तिथं मी आबांना घेऊन जायचो. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला होता. आधी रेडिएशनचा शेक दिला, त्यानं घसा आतून सोलल्यासारखा झाला. मिरचीचा नुसता वास आला तरी डोळ्यातून पाणी. एवढं करून बी भागलं नाय, आवाजाची पेटी काढावी लागंल म्हणले डॉक्टर. पेटी काढली की माणूस वाचतो, पण बोलणं जातं. परत येत नाय.

आता माणूस कुठला, तर ज्याचं पोटच आवाजावर. आबा बाजार समितीत हर्राशी पुकारायचे, म्हणजे मालाचा लिलाव. मक्याचा ढीग, भोवती व्यापारी, अन् ढिगाच्या कडेला आबा. "बोला, बोला, दाणा बघा, हातात घेऊन बघा, फुकट हाय बघायला. कोण म्हणतो पुढं?" तो आवाज स्टँडपर्यंत जायचा. एसटीत बसलेली माणसं म्हणायची, मका निघाला वाटतं.

मी आयुष्यातली पहिली नक्कल केली ती आबांचीच. चौथीत होतो, गॅदरिंग होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळला अन् हेडमास्तरांची खुर्ची हर्राशीत काढली. "बोला, बोला, पाय बघा, चारी हायेत, कोण म्हणतो पुढं?" हेडमास्तर पण हसले. आबा मागच्या रांगेत होते. घरी येऊन आईला म्हणले, "पोरगं माझ्यापेक्षा जास्त भाव काढतंय."

तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत. दिवसा मी इथं संभाजीनगरात मोबाईलच्या दुकानात असतो, सुट्टीच्या दिवशी हळदी, वाढदिवस, कॉलेजची गॅदरिंगं. मंत्री काढतो, कंडक्टर काढतो, लग्नात रुसलेला मामा काढतो. पण हुकमी आयटम एकच, आबांची हर्राशी. त्याचे रील बी केले. आबा मॉलमध्ये, आबा विमानात, आबा जिममध्ये. लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, तुम्ही ते मक्यावाले ना. मी म्हणतो, व्हय, मीच.

तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भरती झालो. दुपार होती. संध्याकाळपर्यंत हलकं काही खायला चालतंय म्हणले, मग आई पिशव्यांपाशी थांबली अन् मी आबांना घेऊन खाली उतरलो. आवाज बसलेला होता, रेती चाळल्यासारखा, पण होता. त्या दुकानात पहिल्यांदा गेलो ते त्या दिवशी.

मालकानं विचारलं, "क्या होना चचा?"

आबा म्हणले, "तिखट नको बाबा."

"तिखा नक्को? हमारे यहाँ तो तिखा रहताच नहीं. लोगां आके गाली देते मेरे कू, ये क्या फिका खिला रा बोलके. पहले आदमी तुम मिले."

आबांना तो माणूस आवडला. पाव भाजायचा नाय, वाफेवर मऊ करायचा, मेयॉनीज जास्त, सॉसेजचे बारीक तुकडे, असं ठरलं. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाला बसलो. आबा सारखे दवाखान्याच्या दिशेला बघत होते. मला ते बघवंना.

मला घाबरल्यावर एकच येतं. मी सुरू झालो. डॉक्टर काढले, जे दर वाक्याला 'बेसिकली' म्हणतात. "बेसिकली तुमचे वडील हे बेसिकली पेशंट आहेत." मग नर्स काढली, मग पेशंटच्या नातेवाइकांवर खेकसणारा वॉचमन. आबा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, पाणी दिलं, परत हसले. मधी ते म्हणले, "ऐक ना."

मी म्हणलो, "थांबा आबा, आधी वॉर्डबॉय बघा."

वॉर्डबॉय झाला. परत म्हणले, "अरे, ऐक की जरा." मला वाटलं बास म्हणतील, उठू म्हणतील, अन् एकदा उठलं की परत वॉर्ड, परत ती भीती. म्हणून मी लगेच लिफ्टवाला काढला. तो तर लई भारी झाला. शेजारच्या टेबलावरची पोरं पण वळून बघायला लागली.

मग त्यांनी ताटली पुढं ओढली. खाल्लं. जाताना मालकाला म्हणले, "गोडसर हाय, पण बरं हाय."

वॉर्डात पोचलो तर गावाकडून सगळी भावकी आलेली. आत्या, काका, त्यांची पोरं. खाटेभोवती नुसता बाजार. सकाळी आबांना नेलं. म्हणजे माझ्याशी म्हणून आबा जे शेवटचं निवांत बोलू शकले असते, ती वेळ मी लिफ्टवाल्याला दिली. नंतर मी विचारलं, आबा, त्या दिवशी काय सांगत होते? ते हात झटकतात. जाऊ दे. म्हशीच्या पेंडीचं बी असेल. नसेल बी.

आता आबांच्या गळ्याला पुढून भोक हाय, त्याच्यातून श्वास घेतात, वरून जाळीचा रुमाल बांधतात. दवाखान्यात एक मशीन दाखवलं होतं, गळ्याला लावून बोलायचं. आबांनी एकदा लावलं. पिठाच्या गिरणीतून कुणीतरी हाक मारतंय असा आवाज आला. त्यांनी मशीन डब्यात ठेवलं, डबा कपाटावर ठेवला. तो गिरणीचा आवाज मला जसाच्या तसा काढता येतो. काढत नाय.

तपासणीला आलो की हॉटडॉग, हे ठरून गेलं. आबा भिंतीवरच्या मेनूतल्या फोटोवर बोट ठेवायचे, मी काउंटरवर सांगायचो. मालक आबांशी दोन माणसांचं बोलायचा. "कैसे हो चचा? अच्छे ना? हौ, दिख रे अच्छे." आबा अंगठा दाखवायचे.

एकदा त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "अरे, तुम वो मक्केवाले ना? मेरी बीवी रोज देखती. एक बार करके बताओ ना भाई."

आबांसमोर कसं करू? त्याला काय माहीत, तो आवाज ज्यांचा, ते चचा त्याच्यासमोर बसलेत. मी नको म्हणायच्या बेतात होतो, तर आबांनी हातानं खूण केली. कर की.

मी खुर्ची सरकवली अन् उभा राहिलो. "बोला, बोला, पाव बघा, मऊ हाय, आत बघा, सॉसेज हाय, कोण म्हणतो पुढं?" अख्खं दुकान हसलं. मालक टोपी काढून हसला. आबा बी हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नाय, खांदे हलतात अन् रुमालाखालून हवा सुटल्याची शीळ येते.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला बरं वाटलं. आबांना एसटीत बसवून परत जाताना गाडीवर मला वाटत होतं, आबांचा आवाज गेला कुठं? माझ्याकडं हाय की. जपून ठेवलेला हाय.

हे मी आईला फोनवर बी सांगितलं, जरा फुगूनच. तिनं ते लक्षात ठेवलं.

पुढच्या तपासणीला आई बरोबर आली. एरवी म्हैस सोडून ती यायची नाय, पण या वेळी जावेवर म्हैस सोपवली. हॉटडॉग समोर आला तर तिनं दोन्ही बाजूंनी बघितला.

"हे काय बाई, मेणबत्ती ठेवली का पावात?"

"खा तर आई. पनीरचा हाय तुझा."

"पोट कशानं भरतं याच्यात? भाकर आणली असती मी." एक घास खाल्ला. "फिकं हाय."

"म्हणूनच येतो इथं."

"ते माहिताय रे." तिनं आबांच्या रुमालाची गाठ नीट केली. मग माझ्याकडं वळली. "तू म्हणं यांचा आवाज काढतो सगळ्या जगापुढं. मला बी काढून दाखव एकदा."

"हात्तिच्या. काढतो की." मी घसा खाकरला. "बोला, बोला, दाणा बघा..."

"ते नको." तिनं हात वर केला. "ते मी कुठं ऐकलंय? मी कवा गेले बाजार समितीत? संध्याकाळी यायचे बघ, अंगणात चपला काढायचे अन् म्हणायचे, 'आलो गं.' तेवढं काढ."

दोन शब्द. मी मंत्र्याचं पूर्ण भाषण काढतो.

म्हणलो, "आलो गं."

आई म्हणली, "हा तर मक्याचा भाव झाला."

मी हसलो. परत आवाज खाली घेतला. "आलो गं." आता आजारी माणूस झाला. परत घेतलं. तो कुठल्यातरी सिरियलमधला नवरा झाला. परत. तो मीच झालो. मी पाण्याचा घोट घेतला, उगाच मान मोडली, बोटं मोडली, स्टेजवर जायच्या आधी करतो तसं. आई वाट बघत बसली होती. तिला वाटत होतं, आता येईल.

लहानपणी रोज संध्याकाळी मी अभ्यास करतोय असं दाखवत ओसरीत बसलेलो असायचो, अन् ते दोन शब्द रोज माझ्या डोक्यावरून आत जायचे. रोज. पण मी कान कशाला दिला? जिथं आबा ओरडायचे तिथं दिला, जिथं भांडायचे तिथं दिला, फोनवर व्यापाऱ्याला शिव्या द्यायचे तेव्हा तर दाराआड उभं राहून पाठ केलं. 'आलो गं'ला कोण हसणार होतं?

मी खिशातून फोन काढला. म्हणलो, थांब, फोनमध्ये असंल. आबांकडं बटणाचा फोन होता, त्यामुळं त्यांचा व्हॉइस मेसेज असायचा प्रश्नच नाय. गॅलरीत बघत गेलो. मी टॉवेल बांधून, मी मिशी लावून, मी विमानात, मी जिममध्ये. आबांच्या आवाजातला मी किती सापडलो. आबा नाय. शेवटी चुलतभावाच्या हळदीचा एक व्हिडिओ निघाला. मी नाचतोय, डीजे बडवतोय, अन् मागून कुणीतरी म्हणतंय, "सरक रे बाजूला." तेवढंच.

आईनं फोन कानाला लावला. परत लाव म्हणली. परत लावला. तिसऱ्यांदा ऐकून म्हणली, "हे यांचंच हाय." अन् फोन माझ्याकडं न देता मांडीवर ठेवला.

इतका वेळ आबा गप खात होते. त्यांनी टिशूनं बोटं पुसली, माझं मनगट धरलं अन् टेबलावर खाली दाबलं. आवाज खाली घे. मग हात हळूहळू पुढं सरकवला. लांबव जरा. मग स्वतः तोंड हललं. आवाज नाय, नुसते ओठ. आई त्यांच्या ओठांकडं बघत होती.

मी म्हणलो, "आलो गं."

त्यांनी मान हलवली. नाय.

"आलो गं."

नाय. छातीवर हात ठेवला, इथून काढ म्हणत असावेत. मी तिथून काढायला बघितलं. नाय. शेजारच्या टेबलावरचं जोडपं आमच्याकडं बघत होतं. तिघं माणसं, मधी तीन हॉटडॉग, अन् एक पोरगं तेच ते दोन शब्द म्हणतंय. मालक आला. "कुछ कम है क्या चचा?" तो बिचारा मेयॉनीजची बाटली ठेवून गेला.

मी परत म्हणलो. मला स्वतःला माहीत होतं, आधीच्यापेक्षा बी वाईट झालं, शेवटाला आवाज फाटला.

आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. जरा वेळ बघितलं. अन् मान डोलावली. व्हय. असंच.

आईनं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हां, जमलं की," म्हणली, अन् पदरानं तोंडाला लागलेलं मेयॉनीज पुसलं, जे लागलेलं नव्हतं.

चौथीपासून लोकांपुढं उभा राहतोय. खरी दाद कुठली अन् मन राखायला दिलेली कुठली, ते मला पाठीला पण कळतं. मी बी मग जमल्यासारखं तोंड केलं. आईनं पनीरचा अर्धा माझ्या ताटलीत सरकवला, आबांनी बाटली माझ्याकडं केली, अन् आम्ही तिघांनी ते गार झालेले हॉटडॉग संपवले.