बाकी काही त्रास नाही

सुमंगला जन्मली तेव्हा देवकी दहा वर्षांची होती. आई कोरगावला दुसऱ्यांच्या शेतात राबायची, बाप वर्षातले आठ महिने ट्रॉलरवर. पाळण्यातल्या पोरीला बघायला घरात दुसरं होतंच कोण? चौथीची परीक्षा दिली आणि देवकीची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे त्याच पोरीला तिने बोटाला धरून शाळेत नेऊन सोडलं. सुमा शिकली, बी.एड. झाली, म्हापशाच्या एका हायस्कुलात शिकवू लागली. देवकीचं लग्न मयेच्या शिवदासशी झालं. तो दुसऱ्याच्या कुळागरात पोफळींची राखण करायचा, आणि ती गावच्या बचत गटातून शाळेतल्या पोरांसाठी पावाबरोबरची भाजी रांधायची.

आई गेली ती भांडी घासता घासता, त्रेपन्नाव्या वर्षी, डोक्यातली शीर फुटून. तिचं प्रेशर दोन्ही मुलींकडे आलं. सुमंगलाला ते पस्तिशीतच कळलं. म्हापशाच्या एका डॉक्टरांकडे तिची फाईल होती, दर तीन महिन्यांनी ती तिथे जायची. त्यांना तिच्या आईचं मरण ठाऊक होतं, कुठली गोळी तिला सोसत नाही तेही ठाऊक होतं.

देवकीला कळलं ते देवळाच्या मंडपात भरलेल्या एका शिबिरात. कुणा नवख्या डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला, भुवया उंचावल्या आणि महिनाभराच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर ती गावच्या सरकारी दवाखान्यात गेली तेव्हा तिथे वेगळाच डॉक्टर होता. त्याने विचारलं, "आधी कुठली गोळी चालू होती?"

"पांढरी. बारीक."

तो हसला नाही, पण त्याने मान खाली घातली ती तिला लागली. पुढच्या खेपेला आणखी कुणी तिसराच. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, दर वेळी तेच पांढरी-बारीक. मग ती डोकं दुखलं तरच गोळी घेऊ लागली. उभ्याने रांधून गुडघे धरायचे, त्यासाठी बसथांब्याजवळच्या औषधाच्या दुकानातून लाल गोळ्या आणायची. दुकानदार काही विचारायचा नाही. ते बरंच वाटायचं. पाच-सहा वर्षं त्या गोळ्या रोज पोटात गेल्या. प्रेशरची कुठली आणि गुडघ्यांची कुठली, हे सगळं एका ठिकाणी माहीत असलेलं माणूस जगात एकही नव्हतं.

शेवटी सुमंगलाच हट्टाला पेटली. "ताय, माझ्या डॉक्टरांकडे चल. ते नीट बघतात."

त्या दिवसांत देवकीच्या मनात एक गोष्ट सलत होती. लघवीला फेस यायचा, साबणाच्या पाण्यासारखा, आणि सकाळी पाय सुजलेले असायचे. शिवदासलाही तिने सांगितलं नव्हतं. मयेहून म्हापशापर्यंत बसमध्ये ती मनातल्या मनात शब्द जुळवत राहिली. परपुरुषाला हे सांगायचं कसं? पण डॉक्टरच ना तो, सांगायचं, असं तिने ठरवलं.

दवाखान्यात एसी होता. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला, तो सुमंगलाने भरला. आत डॉक्टर चांगले, गोड बोलणारे. सुमंगलाला पाहून उठून उभे राहिले. तिच्या मुलीची, ऋतिकाची, बारावी कशी गेली ते विचारलं. मग देवकीचं प्रेशर बघितलं आणि सुमंगलाशी इंग्रजीत बोलू लागले. देवकी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघायची, एकदा बहिणीच्या. आपल्याच अंगाविषयी बोलणं चाललंय एवढं कळत होतं.

"आणखी काही त्रास?" डॉक्टरांनी मराठीत विचारलं. बघत मात्र ते सुमंगलाकडेच होते.

"गुडघे दुखतात तिचे. बाकी काही त्रास नाही," सुमंगला म्हणाली.

देवकीने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून मिळाल्या. पंधरा दिवसांनी रिपोर्ट घेऊन यायचं होतं. सुमंगलाचा चौथा तास होता, ती रिक्षा पकडून निघून गेली. देवकीने तो कागद पाकिटात घडी करून ठेवला. एकटीने जायचं तर कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या मजल्यावर? आणि पुन्हा त्या काउंटरसमोर? शिवाय गटातल्या बायकांवर रांधप टाकून किती वेळा जाणार?

महिन्याने सुमंगलाचा फोन आला. "केल्यास ना तपासण्या?"

"केलंय. बरे आसत," देवकी म्हणाली. आपल्या हाताने वाढवलेल्या पोरीशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि सुमंगलाने ते खरं मानलं.

दीड वर्षाने, एका सोमवारी, शाळेच्या रांधणीत वाटाण्याच्या टोपापाशी तिचा श्वास अडकला आणि ती खाली कोसळली. बांबोळीच्या इस्पितळात तिला शुद्ध आली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिथल्या तरुण डॉक्टरणीने घरातली सगळी औषधं मागवली. शिवदासने बिस्किटांचा डबाच आणून दिला. तिने एकेक पाकीट पलंगावर मांडलं. गुडघ्यांच्या गोळ्या बाजूला काढल्या, त्यांतल्या दोन तर नावं वेगळी असून एकच होत्या.

"ह्या रोज घेत होता? प्रेशर असताना? ह्यांनी मूत्रपिंडं जातात. कुणी अडवलं नाही?"

कोण अडवणार होतं?

संध्याकाळी सुमंगला आली. देवकीने डॉक्टरणीला सांगितलेलं सगळं तिला कळलं होतं, तिचे डोळे सुजलेले होते. "ताय, फेस येत होता तर त्या दिवशी बोलली का नाहीस गो?"

"तुमी दोघां बोलत होतात. मी मधी काय बोलतलंय?"

सुमंगला चार दिवसांनी पुन्हा आली तेव्हा ती आपल्या डॉक्टरांना भेटून आली होती. त्यांनी कॉम्प्युटरवर देवकीचं नाव काढलं होतं. एकच भेट, आणि खाली त्यांनीच टिपलेलं होतं, गुडघेदुखीखेरीज तक्रार नाही. "माझेच शब्द होते ते, ताय," असं म्हणून सुमंगला हमसून रडू लागली.

लहानपणी सुमा रडली की देवकी हातातलं टाकून धावायची. त्या दिवशी तिने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिच्या मनात राग होता की नुसता थकवा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बऱ्याच वेळाने मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

सुमंगलाने मूत्रपिंड देऊ केलं. तिचं स्वतःचं प्रेशर आड आलं.

आता आठवड्यातून तीनदा शिवदास तिला बसने बांबोळीला रक्तशुद्धीसाठी, डायलिसिसला, नेतो. भाजीचं काम सुटलं, पिण्याचं पाणीही आता मोजून. सुया टोचायची हाताची शीर फुगून दोरीसारखी झाली आहे. तिथे दर वेळी तीच डॉक्टरीण असते. ती खाटेच्या कडेला टेकते आणि देवकीकडे बघून विचारते, "देवकीबाय, काय होतंय?"

देवकी सगळं सांगते. तोंडाची कडू चव, पायातले गोळे, अंगाची खाज, काही म्हणता काही लपवत नाही. डॉक्टरीण शेवटपर्यंत ऐकून घेते, कागदावर लिहिते आणि म्हणते, "उद्यापासून पाणी आणखी अर्धा पेला कमी करा."