बाळूचे पाच किलोमीटर

आमची पलटण झाशीला आली तेव्हा मी हवालदार होतो, जवानांची कसरत घेणारा पी.टी. उस्ताद. माझी बायको-मुलं गावी होती, मी बॅरेकमध्ये. बाळूला मात्र फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो, कसम परेडही एकत्र केली. तो माझ्याहून एक हुद्दा खाली, नायकच राहिला होता. चारचौघांत मला ‘उस्ताद’ म्हणायचा, एकटे असलो की अरे-तुरे.

त्या हिवाळ्यातलं मला आज सलग काही आठवत नाही. धुकं आठवतं. सकाळी सहाला ग्राउंडवर उभं राहिलं की दहा पावलांवरचा जवान दिसायचा नाही, नुसता बुटांचा आवाज तरंगत यायचा. त्या आवाजावरून मी माणूस ओळखायचो. बाळूचा खोकला त्याच्या बुटांच्या आधी पोचायचा.

बीडी तो भरतीनंतर शिकला. ट्रेनिंग सेंटरमध्ये पिरियड संपला की उस्ताद सांगायचे, “दस मिनट बीडी-ब्रेक. जो नहीं पीता, वो पत्थर उठाएगा.” मी दगड उचलले. बाळू दुसऱ्याच आठवड्यात कोणाची तरी बीडी ओठांत धरून सावलीत जाऊन बसला आणि तिथून मला डोळा मारला. मला त्याचा हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू? पुढे उस्ताद झाल्यावर हीच ऑर्डर मीही देऊ लागलो. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

रविवारी मी बाळूकडे जेवायला जायचो. कधी सगळे मिळून लक्ष्मी तालावर महालक्ष्मीच्या दर्शनाला जायचो. तलावावर धूसर ऊन पडलेलं असायचं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. बाळू शंभर पावलं चालून थांबायचा, पोटरी दाबायचा. गोळा आला म्हणायचा. पायाच्या अंगठ्यावरची जखम दोन महिने भरत नव्हती, तर आम्ही नव्या बुटांना शिव्या घातल्या. भाजी अळणी आहे म्हणून तो घरात कुरकुर करायचा, आणि मला तीच भाजी खारट लागायची. खोकल्याचं खापर आम्ही रेंजवरच्या धुळीवर फोडलं. प्रत्येक दुखण्याला आमच्याकडे वेगळं कारण तयार होतं.

“भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना,” बाळूची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या. “बड़ा बाज़ारात गेले की पहले बीडीचं बंडल, मग सब्ज़ी. रात्रभर खाँसी चालू असते.”

“सांगतो,” मी म्हणालो. सांगितलं नाही.

जानेवारीत बी.पी.ई.टी. आली. ही जवानाच्या दमाची परीक्षा: पूर्ण सामान आणि रायफल घेऊन पाच किलोमीटर धावायचं. स्टॉपवॉच माझ्या हातात. बाळू नापास झाला असता तर त्याची मेडिकल तपासणी झाली असती आणि हवालदारीच्या कोर्सला नाव गेलं नसतं. आदल्या संध्याकाळी तो बॅरेकपाशी आला.

“पाय गार पडतो रे. दम पुरत नाही. एवढ्या वेळी सांभाळून घे.”

सकाळी एकेक जवान धुक्यातून उगवला आणि लाईन ओलांडून गेला. बाळू नव्हता. वेळ संपत आली तेव्हा खोकला ऐकू आला. तो अजून शंभरेक पावलं लांब असेल. मी बटण दाबलं.

“आख़िरी वाला?” पलीकडून सुभेदारसाहेबांनी विचारलं. ते मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हतो.

“पास, साहब.”

बाळू आला, खाली बसला आणि बीडी पेटवली. मी हसलो. मित्राचं भलं केलं असं मला अगदी मनापासून वाटलं.

सहा आठवड्यांनी बबिना रेंजवर एक्सरसाइज होती, लढाईचा सराव. सकाळचे साडेनऊ. समोरची टेकडी उन्हात हलत असल्यासारखी दिसत होती आणि बाळूचं दहा जणांचं सेक्शन ती चढत होतं. मी कंपनी कमांडरच्या रेडिओ सेटपाशी होतो.

“वन, थ्री बोल रहा हूँ. एक जवान गिर गया. ओव्हर.”

“थ्री, फिसल गया क्या? ओव्हर.”

“नहीं. सीने में दर्द है. साँस नहीं आ रही. ओव्हर.”

मग नाव आलं. मी परवानगी न घेता धावलो. बाळूचे ओठ निळे पडले होते. ॲम्ब्युलन्समध्ये तो माझा हात धरून होता. झाशीच्या हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात तो गेला.

डॉक्टर मेजर होते. त्यांनी बाळूच्या पायाचा अंगठा मला दाखवला. काळा पडला होता.

“बीडी कितनी पीता था?”

“दिन के दो बंडल, साहब.”

“लोग समझते हैं धुआँ फेफड़ों में रुक जाता है. वो ख़ून में उतरता है, और ख़ून कहाँ नहीं जाता? पैर की नस सिकुड़ गई, इसलिए घाव नहीं भरा. ज़बान का स्वाद गया. दिल की नस का भी वही हाल था.” त्यांनी बाळूचे कागद चाळले. “पाँच किलोमीटर में पास कैसे हुआ ये?”

मी सावधान उभा होतो. “मैंने किया, साहब.”

चौकशी झाली. माझी एक फीत उतरली, मी पुन्हा नायक झालो. उतरायलाच हवी होती. मेडिकल झालं असतं तर बाळू कदाचित वाचला असता, हे मी स्वतःला रोज सांगतो. अजूनही कधी पहाटे तो स्वप्नात येतो, बावीस वर्षांचा, हसत धावतो, आणि त्याला अजिबात दम लागलेला नसतो.

वहिनींना खरं सांगायला मला नऊ वर्षं लागली. त्या तोवर गावी परतल्या होत्या. मी रिटायर होऊन शाळा-शाळांतून बीडी-सिगारेटवर बोलत हिंडायचो, ते त्यांच्या कानावर होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“माझा राग आहे तुमच्यावर. तो राहील,” त्या म्हणाल्या. “पण शाळेत बोलताना तुम्ही ‘माझा एक मित्र’ म्हणता म्हणे. असं नका म्हणू. ते लढाईत नाही गेले, पलटणीच्या कुठल्या दगडावर त्यांचं नाव नाही. तुम्ही तरी पूरा नाव घेत जा.”

नायक बाळकृष्ण गणपत मोरे. वय चौतीस.