चाळीस दिवसांची पेज

चर्चच्या आवारात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना चालली होती; पाचव्या स्थानाशी सगळे गुडघ्यांवरून उठले, माझी सून उठली नाही. मला वाटलं, हिला आज भक्ती जास्तच आली. मी तिला कोपराने ढोसलं, तशी ती आडवीच झाली. ओठ पांढरेफटक, हात त्या उन्हातही गार. "आई, बाजूला हो!" मुलगा ओरडला आणि तिला उचलून त्याने रिक्षात घातलं. पूर्वी तिला उचलायला तीन माणसं लागली असती, हे मला तेव्हाही आठवलं.

त्याच्या दीड वर्ष आधी तिने वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. पोटाची पिशवी लहान केली, आतडं वेगळं जोडलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या. वजन उतरलं तेव्हा मी म्हटलं, "बारीक झालीस ना? मग आता एवढ्या गोळ्या कशाला?" तिने त्या सोडल्या. लोहाची तेवढी चालू राहिली. ती मीच सकाळच्या चहाबरोबर तिच्या हातावर ठेवायचे.

मग ईस्टरआधीचा उपवासकाळ आला. आमच्या घरी ते चाळीस दिवस मटण, मासळी, अंडं शिजत नाही. सुनेने विचारलं, "आई, मी अंडं खाऊ? डॉक्टरांनी सांगितलंय."

"चाळीस दिवस अंड्यावाचून कोण मेलंय?" मी म्हटलं.

ती पेज प्यायली. वाटीभर पेजेने तिचं पोट भरायचं, दुसऱ्या कशाला जागाच उरत नसे. पुढे पुढे ती जिना चढताना धापा टाकायची, सारखी बर्फ चघळायची. मी म्हणायचे, उन्हाळा आहे.

वसईच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही खाते काय?"

"चाळीस दिवस पेज आणि भाजी. काही मोडलं नाही," मी ऐटीत सांगितलं.

"आजी, मोडलं नाही म्हणूनच इथे आली. अंगात निम्मं रक्त नाही." चहाचं ऐकल्यावर तर त्या म्हणाल्या, "लोहाची गोळी चहाबरोबर दिली काय आणि मोरीत टाकली काय, सारखंच."

रक्त चढवलं. मुलगा माझ्याशी बोलेना. शनिवारी फादर बघायला आले. मी विचारलं, अंडं खाल्लं तर हिचा उपवास मोडेल का?

"आजाऱ्याला उपवास नसतोच. इतकी वर्षं चर्चला येतेस, ऐकतेस काय?"

"तुमचं प्रवचन लांबतं, फादर. डोळा लागतो."

हाताला सुई असताना सून खुदकन हसली.

माफी मागणं मला जमत नाही. ईस्टरच्या सकाळी मी उकडलेलं अंडं नेलं आणि सोलून दिलं. ते चावून खायला तिने अर्धा तास घेतला. मी बसून राहिले.

आता गोळीनंतर दोन तास चहा मिळत नाही. डॉक्टरीणबाईंनी लावून दिलेल्या व्हिटॅमिनच्या इंजेक्शनची तारीख चुकली की मी ओरडते. "आई, तुम्ही सासू की कंपाउंडर?" ती विचारते. यंदाच्या उपवासकाळात मी भाजी खाल्ली आणि तिने माझ्यासमोर बसून कलेजी खाल्ली, तीही मिटक्या मारत. मीच केली होती, मीठ न चाखता.

सून वाचली. पुन्हा पूर्वीसारखी रोज सकाळी शाळेत शिकवायला जाते.