वाऱ्याचं औषध

माझ्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून सिंगापूरला आली ती दोन बॅगा घेऊन. एकीत तिचे कपडे, दुसरीत डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि कानाला बांधायची सुती फडकी. इथे बारा महिने घामाच्या धारा लागतात, फडकी कसली बांधायची, असं मी विचारलं. "घराघरात एसी आहे ना? मग बांधायची," ती म्हणाली. बाळंतिणीच्या कानात वारं शिरलं की दुखणं जन्माचं चिकटतं, यावर तिचा ठाम विश्वास होता. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात मी जहाजांच्या कप्तानांशी फोनवर भांडायचे. घरात मात्र कान बांधून, एसी बंद करून शिजत बसले.

मुलगी महिन्याचीही नव्हती तेव्हा माझं काहीतरी बिनसलं. अशा वेळी बायका रडतात असं लोकांना वाटतं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. मी दुधाची बाटली भिंतीवर फोडली. कपाटाचं दार आपटून बिजागरी निखळवली. नवऱ्याच्या दंडाला अशी चावले की तो भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून रॅफल्स प्लेसच्या बँकेत जाऊ लागला. मुलगी रडली की माझे हात तिच्याकडे जायचे, आणि ते कशासाठी चाललेत याची मला खात्री नसायची. म्हणून मी तिला घेणंच बंद केलं.

आई तिला माझ्या मांडीत कोंबायची.

"आई आहेस ना तिची? घे!"

"नको. मला भीती वाटते."

"कसली भीती? तुझ्या वेळी मी पंधराव्या दिवशी ओट्याशी उभी होते. तुमचीच थेरं सगळी!"

सासूबाई नागपूरहून स्काइपवर यायच्या. एकदा आई त्यांच्याशी बोलत असताना मी मागे ताट भिरकावलं, ते त्यांनी पाहिलं. "सूनबाईंच्या अंगात वारं आलंय की काय हो?" त्यांनी हळूच विचारलं.

आई उसळली. "अंगात काही आलेलं नाही, विहीणबाई. वारं लागलंय. लागणं वेगळं आणि येणं वेगळं."

लागतं ते एसीचं, येतं ते देवीचं किंवा भुताचं. यावर दोघी इतक्या भांडल्या की मला काय होतंय हे विचारायचं राहून गेलं. एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत झालं, की बाहेर कुणाला कळता कामा नये. ओळखीच्या बायका बाळ बघायला आल्या की आई दारातच सांगायची, "आत्ताच डोळा लागलाय हो तिचा." मी आतल्या खोलीत उशी फाडत असायचे.

शेवटी हट्टानं मी आमच्या बिल्डिंगखालच्या क्लिनिकमध्ये गेले. आई सोबत आलीच. डॉक्टरीणबाई चिनी, साठीच्या. काय त्रास आहे, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत आईनं इंग्रजीत सांगून टाकलं, "शी हॅज विंड. टू मच विंड."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "माझी आई पण हेच म्हणायची! बाळंतपणात केस धुवू नको, वारं शिरेल!" दोघींचं क्षणात जमलं. वारं पोटात आहे की सांध्यांत, त्यांनी विचारलं. प्रश्न आईला अर्धाच कळला. तिनं घाईनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं टेबलाखाली माझ्या मांडीत नख रुतवलं. आम्हाला गॅसच्या गोळ्या मिळाल्या.

लिफ्टमध्ये ती म्हणाली, "एकदा वेडी म्हणून शिक्का बसला की पोर काढून घेतील. इथलं सरकार कडक आहे."

गोळ्या मी नेमानं घेतल्या. पोट उत्तम राहिलं.

त्या आठवड्यात आई बाथरूममध्ये स्टुलावर बसून मुलीला न्हाऊ घालत होती. पाय लांब केलेले, पायांवर पोर, शेजारी कढत पाण्याची बादली आणि लिटिल इंडियातून आणलेला पितळी तांब्या. पोर किंचाळत होती. लहानशा बाथरूममध्ये तो आवाज चारी बाजूंनी आदळत होता. मी आत गेले आणि तांब्या उचलला. आईनं वर पाहिलं, आणि पुढच्या क्षणी ती पोरीवर पालथी झाली. तांब्या तिच्या भुवईवर बसला. दुसरा घाव खांद्यावर. मग तिनं माझा पाय ओढून मला खाली पाडलं आणि एका हातानं मुलीला धरून दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत दिल्या. फरशीवर साबण आणि रक्त एक झालं होतं.

तांब्या मी कुणासाठी उचलला होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी खाली जाताना ती म्हणाली, "पाय घसरला म्हणायचं. कळलं?"

क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीनं बाळाला घेतलं. डॉक्टरीणबाई टाके घालायला लागल्या.

"बाथरूम स्लिप," आई म्हणाली आणि माझा दंड चिमटीत धरला.

"घसरली नाही," मी म्हणाले. "मी मारलं."

"गप्प बस, भवाने!" चिमटा पिरगळला गेला.

"आईला मारलंत?" डॉक्टरीणबाईंची सुई थांबली.

"ती मधे आली."

"बाळाला लागलंय?"

"अजून नाही."

त्यांनी सुई ठेवली नाही. टाका पुरा केला, मगच फोन उचलला. आज इथून सरळ हॉस्पिटलात जायचं, नवऱ्याला तिकडेच बोलवा, म्हणाल्या. हा आजार आहे, याला औषध आहे, आणि मी दिलं ते हे नव्हे, असंही म्हणाल्या. मी ते नवऱ्याला फोनवर सांगितलं आणि मग आईला मराठीत सांगितलं. तिची चिमटी सुटली होती.

आम्ही बाहेर आलो. रिसेप्शनवरची मुलगी हसत माझ्याकडे आली. "मम्मी, बेबी हंग्री आल्रेडी लाह!" इथल्या इंग्रजीत म्हणत तिनं बाळ पुढे केलं. मी नकळत हात पसरले.

आई मधे घुसली. एका डोळ्यावर पट्टी, ब्लाउजवर रक्त. तिनं पोर जवळजवळ हिसकावून घेतली.

"हिच्याकडे द्यायची नाही," ती त्या मुलीवर मराठीतच ओरडली. बाकांवरची माणसं बघायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आधी बरी हो. तोवर मी देणार नाही."

"नको देऊस," मी म्हणाले, आणि रिकाम्या हातांनी पुढे जाऊन टॅक्सी थांबवली.