साडूभाऊंच्या हाताची मोजणी

घाई नावाची एक गोष्ट जगात असते, हे माझ्या साडूभाऊंना आजतागायत कुणी कळवलेलं नाही. सृष्टी निर्माण करण्याआधी ब्रह्मदेव सल्ला घ्यायला हुलसूरला त्यांच्याकडे आला असता, तर पृथ्वी अजून कच्च्या नकाशातच असती आणि तुम्हीआम्ही कुठल्यातरी फायलीत ‘प्रलंबित’ असा शेरा घेऊन पडून राहिलो असतो. गृहस्थांनी उभा जन्म जमीन मोजण्याच्या सरकारी खात्यात काढला. बीदर जिल्ह्यातले निम्मे बांध त्यांनी मोजले, आणि उरलेले निम्मे बांध ते निवृत्त व्हायची वाट बघत होते. एकदा घरामागे लिंबोणीचं रोप लावायचं ठरलं. वीस वर्षांनी झाड मोठं झाल्यावर दुपारी चार वाजता त्याची सावली शेजाऱ्याच्या हद्दीत जाईल का, याचा हिशेब त्यांनी मांडायला घेतला. तो पुरा झाला तोवर रोप पिशवीतल्या पिशवीत वाळून काटकी झालं होतं. मी हळहळलो, तर म्हणाले, “जाऊ द्या मास्तर. पर जागा पक्की झाली की न्हाई?”

अशा माणसानं एकदा, आयुष्यात एकदाच, विचार न करता शब्द दिला, आणि तोही बायकोला. छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचं नवीन लग्न झालेलं. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सासूबरोबर जत्रेला गेली. तिथं गोंदणारीण बसली होती. सुनेनं नवऱ्याचं नाव गोंदवून घ्यावं ही सासूची हौस. गोंदणारणीनं हात धरला, सुई उचलली आणि विचारलं, “नाव सांग बाई.” आता नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? अक्का मान खाली घालून गप्प. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी सासूच वैतागून म्हणाली, “ती काय सांगतीय! लिही, गुंडू.” म्हातारीच्या तोंडात पोराचं तेवढंच नाव बसलेलं. साडूभाऊंचं कागदोपत्री नाव सहा अक्षरी, भारदस्त. नुसती सही केली तरी नकाशाला वजन यावं असं. आणि बायकोच्या हातावर कायमचं काय बसलं, तर गुंडू.

संध्याकाळी तो सुजलेला हात बघून साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नाव वाचून आलं, असं अक्का म्हणते. काही असो, ते बोलून गेले, “मी बी तुझं नाव गोंदवून घेतो.” आणि मग जन्मजात सवयीनं पुढं जोडलं, “जरा इचार करून.”

तो जरासा विचार छत्तीस वर्षं चालला.

त्याची एक फाईल आहे. तपकिरी रंगाची, दोरीनं बांधलेली, लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड. पहिल्याच पानावर त्यांच्या डाव्या हाताचा नकाशा. खाली प्रमाण लिहिलेलं, वर उत्तर दिशेचा बाण. चतुःसीमा अशी: पूर्वेस घड्याळाचा पट्टा, पश्चिमेस कोपर, उत्तरेस केसाळ भाग, दक्षिणेस शिरा. लहानपणी भाजल्याचा एक डाग आहे, त्याच्यावर ‘पोटखराब, लागवडीस अयोग्य’ असं लिहिलंय. एक तीळ आहे, तो विहिरीच्या खुणेनं दाखवलाय. मी हसू दाबून विचारलं, “अण्णा, हात हलवला की उत्तर दिशा बदलंल की.” त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, “म्हणून तर तळटीप हाय.” खरंच होती. ‘हात मांडीवर ठेवून पूर्वाभिमुख बसले असता.’

नुसतं नाव गोंदवणं त्यांना कमीपणाचं वाटे. नावासोबत काहीतरी खूण पाहिजे आणि खुणेला अर्थ पाहिजे. आधी बेलाचं पान ठरलं. एक दल नवरा, एक दल बायको, एक होणारं लेकरू. रेघ न् रेघ पक्की झाली, तेवढ्यात दुसरं लेकरू झालं. बेलाला काही चौथं दल फुटेना, ते पान रद्द. मग जमीन मोजायची साखळी काढली, कारण संसार म्हणजे साखळी. तीन वर्षं कड्या मोजण्यात गेली आणि खात्यात यंत्रं आली. साखळी अडगळीत पडली. मोडीत निघालेली वस्तू बायकोच्या नावाशेजारी कशी ठेवायची? पुढं बैलजोडी आली आणि बैल विकल्यावर गेली. मला एकदा खिन्न होऊन म्हणाले, “काय करावं मास्तर, अर्थ बदलत जायलाय आन् कातडं तेच राहायलंय.” त्यांच्या तोंडून एवढं शहाणं वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

शिवाय प्रत्येक खूण अंगावर चाचणी घेतल्याशिवाय मंजूर होत नसे. रोज आंघोळ झाली की फूटपट्टी लावून निळ्या स्केचपेननं ती हातावर काढायची आणि महिनाभर आपल्याला कंटाळा येतो का ते बघायचं. बैलजोडीचा महिना चालू असताना भालकीला पुतणीचं लग्न निघालं. ऐन उन्हाळा, घाम नुसता धो धो. साडूभाऊंनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली आणि व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर पाठीमागून दोन निळे बैल उठले, त्यातल्या एकाची शिंगं थेट बगलेपर्यंत. व्याही दिवसभर तसेच मांडवात मिरवत होते. सांगणार कोण?

लिपीचा घोळ तर विचारू नका. घरात मराठी, कचेरीत कानडी, जुन्या नकाशांवर उर्दू, आणि दातांचा डॉक्टर जहिराबादचा, तेलुगू वाचणारा. “उद्या कुठं पडलो झडलो तर कुणालाबी वाचता आलं पायजे,” हे त्यांचं म्हणणं. चारही लिप्यांत नाव लिहून त्यांनी कागद भिंतीला लावला, आणि येईल त्याला विचारत सुटले. दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची मतं फायलीत आहेत. एकटीचं नाही, अक्काचं. तिला विचारायचं राहिलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्यासुद्धा.

अलीकडं बीदरला टॅटूचं दुकान निघालं. मला सोबत घेऊन ते पाहणीला गेले. दुकानातला तरुण मानेपासून मनगटापर्यंत रंगलेला. त्याला साडूभाऊंनी दोन तास फैलावर घेतलं. शाई कुठली, सुई किती खोल जाते, वयाच्या ऐंशीव्या वर्षी कातडं आक्रसलं तर अक्षरं हद्दीबाहेर जातील का, गेली तर जबाबदार कोण. बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, “काका, तुमी करून घ्यायला आलाव का शिकायला आलाव?” साडूभाऊ उठले, फाईल बांधली, म्हणाले, “पोरगं हुशार हाय. बघू, पुढल्या वर्षी.”

अक्का या सगळ्याला हसायची. पाहुणे आले की पदर सावरत सांगायची, “आमचे हे माझं नाव गोंदवायलेत. छत्तीस वर्षं झाली, अजून सुईला दोरा गावना.” सगळे हसायचे, साडूभाऊसुद्धा. मी तर चेष्टेत कायम पुढं. पण गेल्या साली साडूभाऊंना साखर निघाली. डॉक्टरनं बजावलं, जखमा आता लवकर भरायच्या नाहीत, काय सुईबिई टोचून घ्यायची असेल ती साखर ताब्यात आहे तोवर, पुढचं सांगता येत नाही. त्या दिवशी मी हुलसूरलाच होतो. अक्का चहा घेऊन आली, कप ठेवला आणि उभीच राहिली.

“भावजी, मी हसते म्हणून तुमाला वाटतं मला काय न्हाई त्याचं. मला दागिना नको, साडी नको. माझं नाव त्यांच्या हातावर एकडाव बघायचंय. लोकाला दाखवायला न्हाई. मला बघायचंय.”

मला लाज वाटली. छत्तीस वर्षं ज्या गोष्टीवर आम्ही टाळ्या देत होतो, तिची ही बाई खरोखर वाट बघत होती. मी साडूभाऊंना बाजूला घेऊन चांगलंच झापलं. धाकटा साडू असूनही झापलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, “बरोबर हाय तुमचं. आता शेवटची कारवाई करून टाकू.”

शेवटची कारवाई म्हणजे काय, तर नोटीस! जमीन मोजायची तर लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर खळीनं कागद चिकटवला. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, डाव्या हातावर “अन्नपूर्णा” हे नाव, खुणेविना, मराठीत गोंदविण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.’ खाली सहा अक्षरी सही. पंच म्हणून माझीही सही घेतली. मी म्हटलं, “अण्णा, घरात दोघंच तर हाव तुमी. हरकत कोण घेणार?” म्हणाले, “नियम हाय.”

सातव्या दिवशी मी परत गेलो, कारण पंचाला हजर राहावं लागतं. साडूभाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर फाईल. इतक्यात अक्का आतून आली आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान त्यांच्यासमोर धरलं. मागच्या कोऱ्या बाजूला तीन शब्द होते. ‘नाव चुकीचं आहे.’

साडूभाऊ चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. मग उठले, कपाटातून रेशनकार्ड आणलं, आधार आणलं, बँकेचं पुस्तक आणलं. “हे बघ. समद्या रेकॉर्डला अन्नपूर्णाच हाय.”

“रेकॉर्ड तुमच्याकडचं हाय,” अक्का शांतपणे म्हणाली. “लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तुमीच लिवलाव. मला कुणी इचारलं व्हतं का? त्या दिवशी सकाळी मी उठले तवा माझं नाव अन्नपूर्णा नव्हतं.”

साडूभाऊंनी नोकरीत किती जणांच्या सुनावण्या घेतल्या असतील. एका काना-मात्रेसाठी शेतकऱ्याला चार-चार वेळा परत पाठवणारा माणूस. नाव चुकलं तर जमीन दुसऱ्याची होते, हे ते आम्हाला सदा ऐकवायचे. त्या माणसानं हातातलं बँकेचं पुस्तक मिटलं. माझ्याही लग्नात तांदळाचं ताट होतं.

“मग काय लिवायचं?” त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

“इंदू.”

माझ्या सासूबाई, म्हणजे अक्काची आई, तिला या नावानं हाक मारायच्या, ते मला आठवलं. त्या गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. धाकट्यांना ती अक्का, सासरी अन्नपूर्णा, पोरांना आई.

साडूभाऊंनी फाईल खुर्चीवर ठेवली, चपला घातल्या आणि म्हणाले, “चला मास्तर.” कुठं म्हणून विचारायचीही सोय ठेवली नाही. बीदरची बस उभीच होती. टेप नाही, फूटपट्टी नाही, पूर्व-पश्चिम काही बघितलं नाही. दुकानातल्या तरुणानं आधी आम्हाला ओळखून कपाळाला हात लावला, पण साडूभाऊंनी बाही वर सारून हात पुढं केला, तेव्हा तो कामाला लागला. दहा-पंधरा मिनिटांत झालं. अक्षरं थोडी कोपराकडं कललेली निघाली. तरुण म्हणाला, एक बारीक रेघ ओढून सरळ दिसतील असं करतो. जन्मभर इंचासाठी भांडलेले साडूभाऊ म्हणाले, “राहू दे बाळा. दुखतंय तेवढं बास.”

परत आलो तेव्हा अक्का सोप्यात डाळ निवडत होती. तिनं मुद्दाम वर बघितलं नाही. साडूभाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसले. हात पुढं धरला आणि पाटीवरचं वाचावं तसं, अडखळत, हातावर बघून वाचलं, “इंदू.”

अक्कानं सुपातले दोन खडे काढून बाजूला ठेवले. मग “ओ” म्हणाली. ती ओ साठीकडं झुकलेल्या बाईची नव्हती, परसात खेळणाऱ्या पोरीची होती. मी चहा सांगितला, तर दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

हात आता बरा झालाय, साखरही धरून आहे. पण साडूभाऊंना नवीनच नाद लागलाय. दिवसातून वीस वेळा “इंदू” म्हणून हाक मारतात. अक्का हातातलं काम टाकून येते, “काय हो?” विचारते, आणि हे म्हणतात, “काय न्हाई.” परवा माझ्यादेखत चार वेळा झालं. ती आत गेल्यावर मी म्हटलं, “अण्णा, कामून त्रास द्यायलाव तिला?”

ते अंगणाकडं बघत म्हणाले, “मास्तर, तिचे आईबाप गेल्यावर त्या नावानं बोलवणारं कुणी उरलं न्हाई. आता एकटा मीच हाय. मी गेलो की ते नाव परत बंद. तवर होईल तेवढं बोलवून घ्यायलोय.”

आतून अक्का म्हणाली, “मला हाक मारलाव का?”

“व्हय,” साडूभाऊ म्हणाले. त्यांनी मारली नव्हती.