माझ्या हृदयाचा पिवळा फोटो

"आई, डॉक्टर ते आहेत. तू नाहीस!"

"असतील. पण डोळे मलाही आहेत ना? फोटोत पिवळंच पिवळं दिसून राहिलं. पिवळं म्हणजे चरबी, चरबी म्हणजे धोका. यात शिकायचं काय?"

डॉक्टरांच्या खोलीत, डॉक्टरांसमोर, मी आणि माझी मंजू अशा भांडत होतो. आता हसू नका! ही फजिती मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतली, ती कशी ते आधी ऐका.

छातीत धडधड व्हायची म्हणून विजय नगरच्या एका दवाखान्यात हृदयाचा सीटी स्कॅन काढला. हल्ली म्हणे नस तुंबली का एवढंच बघत नाहीत, नसेभोवतीची चरबीही तपासतात. सोमवारी रिपोर्ट हातात आला. त्यात माझ्या हृदयाचा रंगीत फोटो, आणि नसांभोवती असं पिवळंधमक, की कोणी वाटीभर तूप ओतलं जणू! मी शाळेत चौथीपर्यंतच गेले. पण इंग्रजी शिकले ती स्वतःच्या जिवावर, वर्तमानपत्रं आणि औषधांचे कागद वाचून. कोणाला विचारायला जाणार मी?

लगेच पुण्याला मंजूला फोन लावला. "ये बाई. तुझ्या आईचं हृदय चरबीत बुडालं."

खरं सांगू? तीन दिवाळ्या झाल्या, पोरगी घरी आली नव्हती. दर वेळी, "सुट्टी नाही गं आई." मी पण "अच्छा, चलो, काम कर आपलं" म्हणून फोन ठेवायची, आणि सवयीनं दोघींचा लावलेला भात रात्री पुन्हा एकटीच खायची. त्या दिवशी मात्र ती एका दमात म्हणाली, "परवाच्या गाडीनं निघते."

गुरुवारी आली. शुक्रवारी मला धरून डॉक्टरांकडे.

डॉक्टर फोटो बघून हसले. "अम्माजी, पीला तो अच्छा है!" नसेच्या भिंतीला सूज आली की भोवतालची चरबी बदलते आणि फोटोत तिथे लाल दिसतं. पिवळी म्हणजे शांत चरबी. थोडक्यात, चरबी नसेची चुगली करते. आणि माझ्या चरबीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं!

मंजूनं सुटकेचा श्वास सोडला आणि मोबाइल काढला. "उद्याचं तिकीट मिळतं का बघते."

उद्याचं? तिथून पेटलं ते भांडण.

"मशीनच जुनी असेल!"

"नई है, अम्माजी."

"मग फोटो दुसऱ्या कोणाचा असेल!"

"नाम तो आपका ही लिखा है."

"मग परत काढा!"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मंजूचा पारा चढला. "आई, इथे कोपऱ्यात रंगांची पट्टी आहे. कोणता रंग चांगला, कोणता वाईट, खाली लिहिलंय. साबणाच्या कागदावरचं अक्षर सोडत नाहीस तू, मग हे काहून नाही वाचलं?"

मी रिपोर्ट ओढून पिशवीत कोंबायला लागले.

तशी तिचा आवाज एकदम मऊ झाला. माझ्या पाठीवर हात ठेवून, लहान लेकराला सांगावं तसं म्हणाली, "जाऊ दे आई. बारीक इंग्रजी आहे. तुला नसेल कळलं."

मला! कळलं नसेल! तेव्हा मान खाली घालून बसले असते, तर सहज सुटले असते हो. पण तेवढी अक्कल असती तर मी मी कशाला असते? तिचा हात झटकला, उठून उभी राहिले आणि डॉक्टरांच्या देखत ठणकावलं,

"मंगळवारीच भिंग लावून सगळं वाचलं मी, तू गाडीत बसायच्या आधीच, पण तोवर तुझी गादी उन्हात टाकून झाली होती!"